पाते कुणाचे, मूठ कुणाची?

संत फ्रान्सिस झेवियर १५४६ साली मोलुक्कास बेटांपैकी अंबोन येथे पोहोचले, तेव्हा लवंगेच्या ओढीने आलेल्या नाना देशींच्या गलबतांची त्या समुद्रात वर्दळ होती. मसाला बाहेर जाई. कापड आत येई, आणि कापडासोबत शस्त्रेही. इंडोनेशियातील जुन्या तलवारी निरखताना हा सारा व्यवहार आम्हांला त्यांच्या अंगावर वाचता येतो. मात्र वाचणाऱ्याची एक चूक हमखास होते. पात्यावर युरोपीय खूण दिसली की तो तलवारच परदेशी ठरवून मोकळा होतो.

हा निवाडा आम्हांला मान्य नाही. पाते हा तलवारीचा सर्वांत भटका भाग. काही पात्यांवर व्ही, ओ, सी ही एकमेकांत गुंफलेली अक्षरे, ॲम्स्टरडॅम शाखेचा ए आणि एखादे वर्ष कोरलेले असते. ही खूण १६०२ साली स्थापन झालेल्या आणि १७९९ साली विसर्जित झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची. पण त्याच पात्याला बेटावरच्या कारागिराने शिंगाची मूठ बसवली, स्थानिक घडणीचे म्यान केले, तर ती तलवार डचांची कशी राहील? पाते कुठून आले ते खूण सांगते. तलवार कोणाची झाली ते मूठ सांगते. मराठ्यांची 'फिरंग' आठवावी. पाते युरोपातले, मूठ इथली. तिला पोर्तुगीजांची तलवार कोणी म्हणत नाही. आपला धर्म बाहेरचा म्हणून आपणही बाहेरचे, हे ऐकत आलेल्या आम्हां ख्रिस्ती मंडळींना या वादाचे मर्म लवकर उमगावे.

म्हणून आधी मूठ पाहावी. आचे प्रांतातील 'सिकिन पांजांग' सरळ व लांब. तिची मूठ टोकाशी दुभंगलेली, जबडा उघडल्यासारखी. बोर्निओच्या दायाक लोकांच्या 'मांदाऊ'ला हरणाच्या शिंगाची कोरीव मूठ असते, आणि पात्याची एक बाजू फुगीर तर दुसरी किंचित खोलगट. सुमात्रातील काही 'पोडांग' तलवारींची धातूची मूठ मात्र भारतीय तलवारीच्या मुठीशी स्पष्ट नाते सांगते.

भारताचा ठसा आणखी खोल आहे. 'क्रिस' ही खरे तर कट्यार, पण तिला वगळून हा विषय पुरा होत नाही. तिचे पाते बुडाशी एका अंगाला रुंद. नागमोडी असल्यास वळणे नेहमी विषम. मध्य जावातील सुकुह या पंधराव्या शतकातील मंदिरात एक शिल्पपट आहे: भीम लोहार होऊन पाते घडवतो आहे, अर्जुन भाता चालवतो आहे, मधोमध गणपती नाचतो आहे. महाभारत समुद्र ओलांडून गेले. पण भीमाच्या हाती घडणारे शस्त्र जावाचेच.

प्रभाव एकाच दिशेने वाहतो, असेही नाही. टोकाकडे रुंदावत जाणारी एकधारी 'क्लेवांग' ही बेटांवरची तलवार. १८७३ पासून आचेच्या युद्धात गुंतलेल्या डचांना तिचा चांगलाच अनुभव आला. अखेर त्यांनी तिला हाताचे रक्षण करणारी लोखंडी परज जोडली आणि १८९८ च्या नमुन्यानुसार ती आपल्याच सैनिकांच्या हाती दिली. पुढे १९१७ साली अमेरिकन नौदलाने खलाशांसाठी नवी आखूड तलवार ठरवली, ती या डच क्लेवांगवरूनच.