कारखान्याच्या फाटकापलीकडे: रायपूर परिसरातील जीप आणि तिच्यात झालेले बदल

छत्तीसगडचे मैदान आणि त्याच्या दक्षिणेला पसरलेला बस्तरचा डोंगराळ मुलूख या प्रदेशात जीप आणि तिच्या जातीची वाहने स्वातंत्र्याच्या आगेमागे वापरात आली, आणि तेव्हापासून त्यांचे प्रत्यक्ष रूप ठरवण्यात कारखान्याइतकाच वाटा मालकांचा आणि त्यांच्या मिस्त्रींचा राहिला आहे. कारखान्यातून आलेल्या वाहनाचे छत, आसने, इंजिन, चाके, स्प्रिंगचे पाटे किंवा बंपर बदलून ते आपल्या कामाला जुळवून घेण्याच्या या प्रथेला आज छंदाचे स्वरूप आले असले, तरी तिचा उगम गरजेत आहे; शिवाय मालकांनी आपल्या खर्चाने आणि आपल्या जोखमीवर करून पाहिलेले अनेक बदल पुढे कारखान्यांनी स्वतःच्या रचनेत सामावून घेतले, ही गोष्ट भारतीय मोटार उद्योगाच्या इतिहासात जितकी ठळकपणे यायला हवी तितकी आलेली नाही.

रायपूरचा मराठी मुलखाशी असलेला संबंध जुना आहे. रतनपूरच्या हैहयवंशी राज्यावर नागपूरकर भोसल्यांनी अठराव्या शतकाच्या मध्यास ताबा मिळवला, १८१८ नंतर इंग्रज अधिकाऱ्यांनी कारभाराचे ठाणे रतनपूरहून रायपूरला हलवले, १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले, आणि त्यानंतर १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत रायपूर जिल्हा नागपूर राजधानी असलेल्या प्रांताचाच भाग राहिला. शहरातून जाणारा जी. ई. रोड, म्हणजे नागपूरहून रायपूरमार्गे संबळपूरकडे जाणारा ग्रेट ईस्टर्न रोड, हा त्या काळाचा ठळक अवशेष होय. डिसेंबर १९४३ मध्ये देशभरातील मुख्य अभियंत्यांची परिषद भरली तीही नागपुरातच, आणि राष्ट्रीय महामार्ग, प्रांतीय महामार्ग, जिल्हा रस्ते व ग्रामरस्ते अशी रस्त्यांची प्रतवारी करणारी वीस वर्षांची योजना तेथेच आखली गेली. तथापि या प्रतवारीतील शेवटच्या दोन पायऱ्या छत्तीसगडात दीर्घकाळ कच्च्याच राहिल्या. येथील शेतकरी आपल्या जमिनीचे कन्हार, डोरसा, मटासी आणि भाठा असे प्रकार मानतो. त्यांपैकी कन्हार ही भारी काळी माती पावसात चाकांना लगद्यासारखी चिकटते, तर भाठा ही लाल मुरमाड जमीन कठीण आणि ओबडधोबड असते. वर्षाचा बहुतेक पाऊस जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडत असल्याने नाले भरून वाहतात, आणि फरशीपुलांवरून पाणी जाऊ लागले की पलीकडच्या गावांचा संपर्क तुटतो. धमतरी, कांकेर आणि केशकाल घाटातून जगदलपूरकडे जाणाऱ्या रस्त्यावरून एकदा आत वळले की मोटारीची खरी परीक्षा सुरू होत असे. या भूगोलामुळेच येथे वाहनाच्या दिसण्यापेक्षा त्याच्या पाट्यांची उंची आणि चाकांची पकड यांना अधिक महत्त्व आले.

या वाहनांची पहिली पिढी युद्धातून आली. १९४१ ते १९४५ या काळात अमेरिकेत विलीज आणि फोर्ड या दोन कंपन्यांनी मिळून सहा लाखांहून अधिक लष्करी जीपगाड्या बनवल्या, आणि युद्ध संपल्यावर भारतात शिल्लक राहिलेल्या गाड्या सरकारी विल्हेवाट खात्यामार्फत लिलावाने विकल्या गेल्या. बाजारात त्यांना डिस्पोजलच्या गाड्या असेच नाव पडले. या गाडीत २.२ लिटरचे, सुमारे ६० अश्वशक्तीचे पेट्रोल इंजिन होते, सुकाणू डाव्या बाजूला होते, विजेची यंत्रणा ६ व्होल्टची होती, आणि दरवाजे नव्हते. नागरी मालकाच्या हाती आल्यावर तिच्यात बदल होणे अटळ होते: सुकाणू उजवीकडे आणणे, विजेची यंत्रणा १२ व्होल्टची करणे, लोखंडी कमानींवर ताडपत्रीचे हूड चढवणे, पत्र्याचे अर्धे दरवाजे बसवणे आणि मागच्या जागेत समोरासमोर लांब बाके टाकणे ही कामे देशभरातील लहान कार्यशाळांत होऊ लागली. युद्धासाठी काटकसरीने घडवलेल्या यंत्राचे कौटुंबिक आणि व्यावसायिक वाहनात झालेले हे रूपांतर ही या प्रथेची पहिली पायरी मानावी लागेल.

दुसरी पायरी भारतीय उत्पादनाबरोबर आली. १९४५ मध्ये पोलादाच्या व्यापारासाठी स्थापन झालेल्या आणि १९४८ पासून महिंद्र अँड महिंद्र या नावाने ओळखल्या जाणाऱ्या कंपनीने सुटे भाग आयात करून मुंबईत माझगावला विलीज जीप जुळवण्यास सुरुवात केली, आणि पुढे सीजे-थ्री-बी या नमुन्याचे उत्पादन भारतातच होऊ लागले. या नमुन्याच्या इंजिनात हवा आत घेणारी झडप वरच्या भागात आणि धूर बाहेर सोडणारी झडप खालच्या ठोकळ्यात असल्यामुळे इंजिनाची उंची वाढली, त्यासाठी बॉनेटही उंच करावे लागले, आणि हाच उंच चेहरा भारतीयांच्या मनात जीपचा चेहरा म्हणून कायम झाला. २ ऑक्टोबर १९५२ रोजी सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमात गटविकास अधिकाऱ्याची जीप ही खेड्यात पोहोचणाऱ्या शासनाची ओळख बनली. वनखाते, पोलीस, बांधकाम खाते आणि आरोग्य खाते यांनीही तीच वापरली. सरकारी सेवेतून बाद झालेल्या गाड्या लिलावात खाजगी मालकांकडे जात, आणि अशा प्रत्येक गाडीचे दुसरे आयुष्य मिस्त्रीच्या अंगणात सुरू होत असे.

या दुसऱ्या आयुष्याला निर्णायक वळण दिले ते १९७३ च्या तेलसंकटाने. ऑक्टोबर १९७३ पूर्वी पिंपामागे सुमारे ३ डॉलर असलेला कच्च्या तेलाचा भाव पुढच्या काही महिन्यांत सुमारे १२ डॉलरवर गेला, पेट्रोल महागले, आणि डिझेल त्या मानाने स्वस्त राहिल्याने पेट्रोल जीपमध्ये डिझेल इंजिन बसवण्याची लाट आली. पर्किन्सची इंजिने, ट्रॅक्टरची इंजिने आणि पुढे मॅटॅडोर गाडीची इंजिने या कामासाठी वापरली गेली. हे काम इंजिन उचलून बसवण्याइतके सोपे नव्हते. इंजिन आणि गिअरबॉक्स यांची तोंडे जुळत नसल्याने दोहोंमध्ये लेथवर कातलेली जाड पोलादी तबकडी बसवावी लागे, आणि ती केसभर जरी तिरकी बसली तरी क्लच आणि बेअरिंग लवकर निकामी होत. डिझेल इंजिन जड असल्याने पुढच्या पाट्यांची संख्या वाढवावी लागे. ते कमी फेऱ्यांवर चालत असल्याने जीपचे मूळचे ५.३८ चे गुणोत्तर, म्हणजे चाकाच्या एका फेरीमागे शाफ्टच्या ५.३८ फेऱ्या, गाडीचा वेग फारच मर्यादित करी. म्हणून क्राउन-पिनियन बदलून हे गुणोत्तर कमी केले जाई, आणि ते पुढच्या व मागच्या दोन्ही आसांवर नेमके सारखे ठेवावे लागे, कारण तसे न केल्यास चारही चाके जोडताच ट्रान्सफर केस, म्हणजे दोन्ही आसांना जोर वाटून देणारी पेटी, ताणाखाली तुटण्याची भीती असे. पेट्रोल इंजिनात आपोआप तयार होणारी निर्वात अवस्था डिझेल इंजिनात नसते, त्यामुळे ब्रेकला साहाय्य करणारा बूस्टर बसवायचा तर निराळा निर्वात पंप जोडावा लागे. पुस्तकी शिक्षणाची संधी न मिळालेल्या अनेक कारागिरांनी हे सर्व हिशेब हातांनी, मापाच्या पट्टीने आणि फसलेल्या प्रयत्नांतून आत्मसात केले, आणि त्यांच्या या ज्ञानाला अभियांत्रिकी म्हणण्यावाचून दुसरा शब्द नाही. महिंद्रानेही १९७० च्या दशकातच डिझेल जीप बाजारात आणली, आणि १९८० च्या दशकात प्यूजोच्या तंत्रावर आधारलेले २,११२ सीसीचे डिझेल इंजिन तिच्या गाड्यांचा आधार बनले.

अशा कामाला लागणारे लोखंड आणि कसब या दोहोंच्या बाबतीत रायपूर परिसर भाग्यवान ठरला. शेजारच्या भिलाईत सोव्हिएत सहकार्याने उभारलेल्या पोलाद कारखान्याची पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी सुरू झाली, बैलाडिल्याच्या खाणींतून १९६८ पासून लोहखनिज निघू लागले, आणि पुढील काळात रायपूरजवळ उरला व सिलतरा येथे पोलादावर प्रक्रिया करणारे उद्योग वाढले. अँगल, चॅनेल, पाइप आणि जाड पत्रा जवळ मिळतो, लेथ व वेल्डिंगची कामे चालतात, आणि मुंबई-कोलकाता मालवाहतुकीच्या वाटेवर असल्याने ट्रकांची दुरुस्ती हा मोठा व्यवसाय आहे, अशा ठिकाणी जीपचा सांगाडा लांबवणे किंवा तिला पोलादी बंपर घडवणे हे परके काम राहत नाही. विदर्भात काळी-पिवळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या प्रवासी जीपप्रमाणेच छत्तीसगडातही लांब सांगाड्याच्या जीपगाड्यांनी बाजारगावे आणि खेडी जोडली. त्यांच्या टपावरील कठडे, मागची पायरी आणि आतील लांब बाके ही बहुतांशी स्थानिक घडणीची होती. ठरलेल्या संख्येपेक्षा किती तरी अधिक माणसे नेण्यासाठी केलेले हे बदल अनेकदा जीवघेणे ठरले, हेही या इतिहासात नोंदवणे आवश्यक आहे.

डिसेंबर १९८५ मध्ये आलेल्या मारुती जिप्सीने हलक्या वजनाचा नवा आदर्श समोर ठेवला. शिडीसारखा मजबूत सांगाडा, चारही बाजूंना पाट्यांच्या स्प्रिंग आणि ९७० सीसीचे लहान पेट्रोल इंजिन असलेली ही गाडी जडपणाच्या जोरावर नव्हे तर हलकेपणामुळे चिखलातून निघत असे. कान्हासारख्या राष्ट्रीय उद्यानांत पर्यटकांसाठी तिचे छत काढून मागची आसने पायऱ्यांप्रमाणे चढत्या उंचीवर बसवली गेली, आणि मध्य भारतातील वनपर्यटनाचे हे प्रमाणरूपच होऊन बसले. खाजगी मालकांनी तिची उंची वाढवण्याचे प्रयोग केले. आसाच्या खाली असलेले पाटे आसाच्या वर आणून बसवले की गाडी काही इंच उंच होते; परंतु त्यामुळे शाफ्टचा कोन तीव्र होऊन सांधे झिजतात, खड्ड्यात सुकाणू आपोआप वळू लागते, आणि गुरुत्वमध्य वर गेल्याने वळणावर उलटण्याचा धोका वाढतो. उंचीचा लाभ घेताना हे मोल चुकवावे लागते, ही जाण जुन्या मिस्त्रींना होती. केवळ दिसण्यासाठी बदल करणाऱ्या पुढच्या पिढीत ती कमी झाली.

१ नोव्हेंबर २००० रोजी रायपूर नव्या राज्याची राजधानी झाले, रस्ते सुधारले, हाती पैसा आला, आणि अशा वाहनांची गरज कमी होत असतानाच त्यांची आवड वाढली. २०१० मध्ये आलेली महिंद्रा थार या आवडीचे केंद्र बनली. कापडी छत आणि मागे समोरासमोरची बाके घेऊन आलेल्या या गाडीत मालकांनी फायबरचे किंवा पत्र्याचे पक्के छत, समोर तोंड असलेली मागची आसने, उलटल्यास माणसांना वाचवणारा नळ्यांचा पिंजरा, रुंद टायर, दोरखंडाने गाडी ओढून काढणारी विंच आणि स्नॉर्केल यांची भर घातली. स्नॉर्केल म्हणजे इंजिनाची हवा छताच्या उंचीवरून घेणारी नळी. खोल पाण्यात इंजिनाने हवेऐवजी पाणी ओढले तर ते दबत नसल्याने दट्ट्याचे दांडे वाकतात, आणि तो अनर्थ टाळणे हे तिचे प्रयोजन. यांतील कितीतरी गोष्टी कारखान्यांनी पुढे स्वतःच दिल्या: पुण्याच्या फोर्स मोटर्सने गुरखा गाडीत दोन्ही आसांवर डिफरेन्शियल लॉक, म्हणजे एक चाक घसरले तरी दुसऱ्याला जोर पोहोचवणारी योजना, आणि स्नॉर्केल उपलब्ध करून दिले, तर २०२० च्या नव्या थारमध्ये पक्के छत, समोर पाहणारी मागची आसने आणि अंगचाच पिंजरा हे सर्व कारखान्यातूनच आले. त्याच वर्षी ग्लोबल एनकॅपच्या धडक चाचणीत या गाडीला चार तारे मिळाले, आणि मालकांची कल्पना व कारखान्याची चाचणी एकत्र आल्यावर काय साध्य होते याचे हे उत्तम उदाहरण होय.

या प्रथेभोवतीचा कायदा मात्र क्रमाक्रमाने आवळत गेला. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार मालकाला नोंदणी अधिकाऱ्याच्या संमतीने वाहनात फेरफार करता येत असे, आणि जोडलेल्या वा काढलेल्या साहित्यामुळे वजनात दोन टक्क्यांपर्यंत फरक पडत असेल तर संमतीचीही आवश्यकता नव्हती. २००० च्या दुरुस्तीने या कलमाचा रोखच बदलला: उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी नोंदणीपत्र विसंगत ठरेल असा बदल करण्यास मनाई झाली, आणि इंधनबदलासारख्या मोजक्या गोष्टींना अटींसह वाव उरला. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्र सरकारने समोर बसवल्या जाणाऱ्या लोखंडी गार्डविरुद्ध कारवाई करण्यास राज्यांना सांगितले, कारण असा कठीण गार्ड पादचाऱ्याला अधिक इजा करतो आणि धडकेचा जोर वाहनात ज्या मार्गाने जिरावा तो मार्ग बदलतो. जानेवारी २०१९ मध्ये केरळमधून आलेल्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने मूळ तपशिलाविरुद्धचे फेरफार अमान्य असल्याचे स्पष्ट केले, आणि त्याच वर्षीच्या दुरुस्तीने प्रत्येक बेकायदा फेरफारासाठी पाच हजार रुपये दंडाची किंवा सहा महिन्यांपर्यंत कैदेची तरतूद केली.

सुरक्षिततेचा आग्रह योग्यच आहे, कारण आजचे वाहन एअरबॅग, ब्रेकनियंत्रण आणि संगणक यांनी परस्परांत इतके गुंतलेले आहे की एका भागाला लावलेला हात दहा भागांवर परिणाम करतो. परंतु पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत नव्या नमुन्याची चाचणी करून घेण्याचा मार्ग कारखान्याला खुला असताना, एका गाडीत विचारपूर्वक सुधारणा करणाऱ्या मालकाला किंवा कारागिराला परवडेल अशी तपासणीची व्यवस्था नसणे ही उणीव आहे, आणि तिच्यामुळे जाणकार मिस्त्री व बेफिकीर हौशी कारागीर कायद्याच्या नजरेत एकाच पंगतीला बसतात. जुन्या नोंदणीपत्रांवरील बदललेल्या इंजिन क्रमांकांच्या नोंदी, लिलावाच्या पावत्या, कार्यशाळांच्या वह्या आणि वृद्ध मिस्त्रींच्या आठवणी हे या इतिहासाचे कागद आहेत. जुन्या गाड्या भंगारात निघण्याच्या या काळात ते जमा करणे रायपूर, नागपूर आणि जबलपूर येथील विद्यापीठांना व संग्रहालयांना सहज शक्य आहे. ज्यांनी परक्या युद्धासाठी घडवलेले यंत्र कन्हारच्या चिखलातून चालते केले, त्यांचे श्रम भारतीय तंत्रज्ञानाच्या इतिहासात नावानिशी नोंदवले जाणे हा त्यांचा हक्क आहे.