लॅपटॉपची ‘मेमरी लो’ झालीये? फोटो डिलीट करण्याआधी हे तपासा

“दादा, लॅपटॉपची मेमरी फुल झालीये. ट्रिपचे सगळे फोटो उडवले, तरी तोच मेसेज येतोय. उद्या प्रोजेक्टचा डेमो आहे!”

रात्री साडेदहाला मामेबहिणीचा फोन. लॅपटॉप तीन वर्षांचा, रॅम ८ जीबी. ‘कॉम्प्युटरची मेमरी कमी आहे, फाइल्स सेव्ह करा आणि प्रोग्रॅम बंद करा’ असा विंडोजचा मेसेज दर दहा मिनिटांनी येत होता आणि त्यानंतर कधी ब्राउझर बंद पडायचा, कधी अँड्रॉइड स्टुडिओ. जवळच्या दुकानदाराने “जुना झालाय, नवीन घ्या” असं सांगून टाकलं होतं. घरी नव्या लॅपटॉपच्या हप्त्यांची चर्चाही सुरू झाली होती.

शेवटी एक रुपयाही खर्च न करता तो मेसेज थांबला. कसा, ते सांगतोच. पण आधी थोडं बेसिक समजून घेऊ, कारण उपाय त्यावरच ठरतो.

मेमरी म्हणजे नक्की कोणती?

आपण ‘मेमरी’ हा शब्द मेमरी कार्डामुळे शिकलो. त्यामुळे मेमरी फुल म्हटलं की हात आपोआप फोटो आणि व्हिडिओंकडे जातो. पण फोटो असतात स्टोरेजमध्ये, म्हणजे एसएसडी किंवा हार्ड डिस्कवर. विंडोज ज्या मेमरीबद्दल तक्रार करतं, ती रॅम.

स्टोरेज म्हणजे घरातलं कपाट आणि रॅम म्हणजे अभ्यासाचं टेबल. कपाटातली पुस्तकं काढून टाकली म्हणून टेबल मोठं होत नाही. टेबलावर आत्ता काय काय उघडून ठेवलंय, ते बघावं लागतं.

दुसरी गोष्ट आपल्या फोनच्या सवयीची. अँड्रॉइडमध्ये रॅम कमी पडली की मागे राहिलेली ॲप्स सिस्टिम स्वतःच बंद करते. म्हणूनच खूप वेळाने एखादं ॲप उघडलं की ते पुन्हा पहिल्यापासून सुरू होतं. विंडोज असं सहसा करत नाही. तुम्ही उघडलेला प्रोग्रॅम तुम्ही बंद करेपर्यंत चालू राहतो. काही प्रोग्रॅम तर खिडकी बंद केली तरी घड्याळाजवळच्या छोट्या आयकॉनमध्ये जागे असतात. फोनवर जे काम सिस्टिम करते, ते कॉम्प्युटरवर बऱ्याच अंशी आपल्यालाच करावं लागतं.

आधी आकडे बघा

कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप ही तीन बटणं एकत्र दाबा. टास्क मॅनेजर उघडेल. त्यात ‘परफॉर्मन्स’मध्ये जाऊन ‘मेमरी’ निवडा. इथले चार आकडे कामाचे आहेत.

‘इन यूज’ म्हणजे आत्ता वापरात असलेली रॅम.

‘अव्हेलेबल’ म्हणजे कुठल्याही प्रोग्रॅमला लगेच देता येईल अशी रॅम.

‘कॅश्ड’ म्हणजे पुढे लागेल म्हणून विंडोजने आधीच आणून ठेवलेला डेटा. यातला बहुतेक भाग ‘अव्हेलेबल’मध्येच धरलेला असतो, कारण गरज पडली की तो लगेच सोडता येतो. त्यामुळे कॅश्ड जास्त दिसलं म्हणून घाबरू नका. रिकामी पडलेली रॅम कुणाच्याच उपयोगाची नसते.

‘कमिटेड’ हा सगळ्यात दुर्लक्षित आकडा. इथे दोन संख्या असतात. पहिली म्हणजे सगळ्या प्रोग्रॅमना मिळून विंडोजने किती मेमरी कबूल केली आहे ती, आणि दुसरी म्हणजे जास्तीत जास्त किती कबूल करता येईल ती. ही मर्यादा म्हणजे रॅम अधिक पेज फाइल. पेज फाइल ही डिस्कवरची एक फाइल असते. रॅममधला लगेच न लागणारा डेटा विंडोज तिथे सरकवून ठेवतं. फोनच्या जाहिरातीत ‘८ + ८ जीबी रॅम’ लिहितात, त्यातल्या दुसऱ्या ८ मागची कल्पना साधारण हीच.

बहिणीला स्क्रीन शेअर करायला सांगितली. इन यूज ५.९, अव्हेलेबल १.५. म्हणजे दीड जीबी रॅम शिल्लक, तरीही मेसेज! खाली कमिटेड बघितलं, तर ७.१ / ७.४. चोर तिथेच सापडला. मर्यादा रॅमएवढीच होती, म्हणजे पेज फाइल बंद होती.

“हे तू बंद केलंस?”
“हो. सी ड्राइव्ह भरला होता. एका व्हिडिओत सांगितलं होतं की ही फाइल उगाच जागा खाते.”

मेसेज येत असेल, तर पेज फाइल तपासा

कमिटेडमधली पहिली संख्या दुसरीला टेकायला आली की विंडोज तो मेसेज दाखवतं. मग अव्हेलेबल कितीही दिसू दे. अशा वेळी:

१. स्टार्टमध्ये ‘ॲडव्हान्स्ड सिस्टिम सेटिंग्ज’ शोधा आणि उघडा.
२. ‘परफॉर्मन्स’खालचं ‘सेटिंग्ज’ दाबा, मग ‘ॲडव्हान्स्ड’ टॅबमध्ये ‘व्हर्च्युअल मेमरी’खाली ‘चेंज’ दाबा.
३. पेजिंग फाइलचा आकार आपोआप ठरवण्याच्या चौकोनात सगळ्यात वर टिक करा.
४. ओके करून लॅपटॉप रीस्टार्ट करा.

पेज फाइलला वाढायला सी ड्राइव्हवर जागा लागते. ड्राइव्ह काठोकाठ भरला असेल, तर पेज फाइल चालू असूनही हाच मेसेज येऊ शकतो. एवढ्या एका बाबतीत स्टोरेज रिकामं केल्याचा रॅमला फायदा होतो. बहिणीने फोटो उडवून केलेली जागा अशी कामी आली. रीस्टार्टनंतर कमिटेडची मर्यादा १२ च्या वर गेली आणि मेसेज थांबला.

लॅपटॉप नुसता स्लो होत असेल, तर खादाड शोधा

मेसेज नाही, पण अव्हेलेबल काहीशे एमबीवर आलंय आणि टास्क मॅनेजरमध्ये डिस्क सतत १०० टक्क्यांजवळ आहे, तर रॅम खरोखर कमी पडतेय. डेटा सारखा रॅममधून डिस्कवर आणि डिस्कवरून रॅममध्ये हलतोय. एसएसडी रॅमपेक्षा खूप हळू असते आणि हार्ड डिस्क त्याहूनही हळू.

टास्क मॅनेजरच्या ‘प्रोसेसेस’मध्ये ‘मेमरी’ या शीर्षकावर क्लिक करा. सगळ्यात जास्त खाणारे वर येतील. बहुतेक वेळा पहिला नंबर ब्राउझरचा असतो. क्रोममध्ये शिफ्ट आणि एस्केप दाबलं की त्याचा स्वतःचा टास्क मॅनेजर उघडतो, त्यात कुठला टॅब आणि कुठलं एक्स्टेन्शन किती खातंय ते कळतं. क्रोमच्या सेटिंग्जमधल्या ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘मेमरी सेव्हर’ चालू करा. न वापरलेले टॅब तो झोपवतो. एजमध्ये हेच काम ‘स्लीपिंग टॅब्स’ करतं.

मग विंडोजच्या सेटिंग्जमध्ये ‘ॲप्स’ आणि त्यात ‘स्टार्टअप’ उघडा. लॅपटॉप सुरू होताच जागं होण्याची गरज नसलेली चॅट, गेम आणि म्युझिकची ॲप्स बंद करा. अँटिव्हायरस, टचपॅड, साउंड यांना हात लावू नका.

रॅम ८ जीबीची, पण दिसते कमी?

त्याच मेमरीच्या पानावर ‘हार्डवेअर रिझर्व्ह्ड’ बघा. वेगळं ग्राफिक्स कार्ड नसलेल्या लॅपटॉपमध्ये थोडी रॅम ग्राफिक्ससाठी बाजूला काढलेली असते, ते नॉर्मल आहे. पण खूपच मोठा भाग गायब असेल, तर ‘सिस्टिम कॉन्फिगरेशन’ उघडून ‘बूट’मधल्या ‘ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स’मध्ये ‘मॅक्झिमम मेमरी’वर टिक नाही ना ते बघा. तिथे टिक असू नये. घरातल्या जुन्या कॉम्प्युटरवर ३२ बिटचं विंडोज असेल, तर त्याला ४ जीबीच्या पुढची रॅम वापरताच येत नाही.

शटडाउन म्हणजे रीस्टार्ट नव्हे

“मी रोज लॅपटॉप बंद करते की!” हे वाक्य मी बऱ्याचदा ऐकलंय. विंडोजमध्ये ‘फास्ट स्टार्टअप’ चालू असेल, तर शटडाउन करताना तुमचे प्रोग्रॅम बंद होतात, पण सिस्टिमचा गाभा आणि ड्रायव्हर यांची स्थिती डिस्कवर जपून ठेवली जाते आणि दुसऱ्या दिवशी तीच परत येते. एखादा ड्रायव्हर घेतलेली मेमरी परत करत नसेल, तर तोही तसाच परत येतो. ‘परफॉर्मन्स’मध्ये ‘सीपीयू’खाली ‘अप टाइम’ बघा. रोज बंद करूनही तिथे बारा दिवस दिसले, तर कारण हे आहे. आठवड्यातून एकदा रीस्टार्ट करा.

रीस्टार्टनंतर सगळं ठीक, पण काही तासांत ‘नॉन-पेज्ड पूल’ हा आकडा वाढत वाढत जीबीच्या पुढे जात असेल, तर ड्रायव्हरवरच संशय घ्या. वायफायचा ड्रायव्हर आधी अपडेट करून बघा.

हे करू नका

‘रॅम क्लीनर’ किंवा ‘बूस्टर’ टाकू नका. ते प्रोग्रॅमचा डेटा जबरदस्तीने रॅममधून बाहेर ढकलतात. आकडा क्षणभर छान दिसतो, मग प्रोग्रॅमला तोच डेटा परत आणावा लागतो आणि लॅपटॉप आणखी अडखळतो. टास्क मॅनेजरमध्ये ओळखीचं नाव नाही म्हणून ‘एंड टास्क’ही करू नका. सेव्ह न केलेलं काम जाईल.

मग रॅम विकत कधी घ्यायची?

हे सगळं करूनही तुमच्या नेहमीच्या कामात अव्हेलेबल तळाला जात असेल, तेव्हा. दुकानात जाण्याआधी मेमरीच्या पानावर ‘स्लॉट्स यूज्ड’ बघा. २ पैकी १ दिसलं, तर एक जागा रिकामी असण्याची चांगली शक्यता आहे. ‘फॉर्म फॅक्टर’पुढे ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलं असेल, तर ती रॅम बोर्डावरच बसवलेली असते, काढता येत नाही. डीडीआर ४ च्या जागी डीडीआर ५ बसत नाही, त्यामुळे मॉडेल नंबर बघून नेमका प्रकार आधी ठरवा.

बहिणीचा डेमो दुसऱ्या दिवशी पार पडला. पण खरं सांगायचं तर लॅपटॉप वेगवान झाला नव्हता, फक्त कोसळायचा थांबला होता. अँड्रॉइडचा एम्युलेटर आणि चाळीस टॅब ८ जीबीत सुखाने नांदत नाहीत. परीक्षेनंतर तिने रिकाम्या स्लॉटमध्ये आणखी ८ जीबी टाकली. नव्या लॅपटॉपचा विषय घरात बंद झाला. उडवलेले फोटो तिच्या फोनमध्ये होते, म्हणून वाचले. तुमचे असतीलच असं नाही. म्हणून आधी टास्क मॅनेजर उघडा, डिलीटचं बटण नंतर.