दाढ दुखायच्या आधीच दातांच्या डॉक्टरांकडे: जालना जिल्ह्यातील कुटुंबांसाठी माहिती

रात्री दाढ ठणकायला लागली की आपल्या घरात आधी लवंग निघते, मग मेडिकलवरची गोळी. दोन-तीन दिवसांत ठणका थांबतो आणि आपण म्हणतो, "अल्लाहचा शुक्र, बरं झालं!" बहुतेक वेळा बरं झालेलं नसतं. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

ठणका थांबला म्हणजे काय?

कीड दाताच्या वरच्या कठीण थरात असते तेव्हा दुखत नाही. आतल्या थरात गेली की थंड-गोड झोंबतं. नसेपर्यंत पोहोचली की ठणका सुरू होतो. पुढे नस मरते आणि दुखणं आपोआप थांबतं. पण जंतुसंसर्ग मुळाखालच्या हाडात चालूच राहतो. सुरुवातीला सिमेंट भरून भागतं. उशीर केला तर रूट कॅनॉल, कॅप, चार फेऱ्या आणि कधी दातच काढावा लागतो. जबड्याखाली सूज, ताप, गिळताना किंवा श्वास घेताना त्रास असेल, तर रात्र असली तरी लगेच मोठ्या रुग्णालयात जा.

डॉक्टरांना काय सांगायचं?

शुगर, बीपी, हृदयाचा आजार, कावीळ, औषधाची ॲलर्जी यांपैकी काहीही असेल तर आधीच सांगा. चालू गोळ्यांची पाकिटं सोबत न्या. रक्त पातळ करणारी गोळी आपल्या मनाने बंद करू नका. शुगर असलेल्यांनी उपाशी जाऊ नये. बहिणींनी गरोदरपण सांगायला संकोच करू नये. गरोदरपणातही दातांचे उपचार होतात.

तंबाखू, गुटखा लपवू नका. राज्यात 2012 पासून गुटख्यावर बंदी आहे, तरी सवय सुटलेली नाही. तोंड कमी उघडत असेल, पांढरा किंवा लाल चट्टा असेल, किंवा तोंडातली जखम दोन आठवड्यांत भरली नसेल, तर तपासणी करून घ्याच.

रोजा असेल तर?

जेद्दा येथील आंतरराष्ट्रीय इस्लामी फिकह अकादमीने 1997 मध्ये ठराव केला आहे: दात काढणे, साफ करणे किंवा कोरणे याने रोजा तुटत नाही, मात्र घशाखाली काही जाता कामा नये. मनात शंका असेल तर आपल्या मौलानांना विचारा, किंवा इफ्तारनंतरची वेळ घ्या. रमजान संपेपर्यंत दुखणं अंगावर काढू नका.

कुठे जायचं?

बीडीएस किंवा एमडीएस पदवी आणि महाराष्ट्र राज्य दंत परिषदेची नोंदणी असलेल्याकडेच जा. बाजारात बसून दात बसवणाऱ्यांकडे नको. अस्वच्छ हत्यारांमधून रक्तातून पसरणारी कावीळ होऊ शकते. हत्यारं निर्जंतुक केली का, सुई नवी आहे का, खर्च किती, हे विचारणं आपला हक्क आहे. जालन्यात जिल्हा सामान्य रुग्णालयात आधी चौकशी करा. मोठ्या उपचारासाठी छत्रपती संभाजीनगरला घाटी परिसरात शासकीय दंत महाविद्यालय आहे. जालन्याहून ते साधारण 60 किलोमीटर. केस पेपरसाठी सकाळी लवकर पोहोचा.

दोन गैरसमज

वरची दाढ काढली की नजर जाते, हे खरं नाही. दात साफ केले की हलतात, हेही नाही. हिरड्या कमजोर झालेल्या असतात; थर निघाल्यावर ते कळतं, एवढंच.

मुलांच्या बाबतीत

सहाव्या वर्षाच्या आसपास दुधाच्या दातांमागे येणारी दाढ कायमची असते. "पडणारच आहे" म्हणून ती किडू देऊ नका. मिसवाक उत्तमच, पण झोपण्यापूर्वी फ्लोराइडच्या पेस्टने ब्रशही करायला लावा.

दात काढल्यावर

कापूस अर्धा-पाऊण तास दाबून धरा. त्या दिवशी जोरात थुंकू नका, चूळ भरू नका, तंबाखू तर नकोच. वुजू करताना कुल्ली कशी करावी, हे डॉक्टरांना आणि मौलानांना विचारून घ्या. डॉक्टरांनी दिलेल्या गोळ्यांचा कोर्स मध्येच सोडू नका.

घरात कुणाचंही दुखत नसलं तरी वर्षातून एकदा सगळ्यांचे दात दाखवून या, एवढीच आमची विनंती.