पक्षीनिरीक्षण फेरी
जाणत्या निरीक्षकाबरोबर छोट्या गटाने पायी हिंडत पक्षी पाहण्याचा, आवाज ओळखण्याचा व नोंदी ठेवण्याचा उपक्रम. छत्रपती संभाजीनगरात दिल्ली दरवाजाजवळचे सलीम अली सरोवर व मोगलकालीन हिमायतबाग ही त्यासाठीची स्वाभाविक ठिकाणे होत. कारण पाणथळ, म्हणजे उथळ पाण्याचा व दलदलीचा भाग, आणि जुनी झाडी येथे जवळजवळ असल्याने दोन्ही अधिवासांतले पक्षी एकाच सकाळी पाहता येतात. पूर्वीच्या खिजरी तलावाला पक्षिशास्त्रज्ञ सलीम अली (१८९६–१९८७) यांचे नाव देण्यात आले. नवख्याने हळदी-कुंकू बदकापासून आरंभ करावा. त्याच्या काळ्या चोचीचे पिवळे टोक व मुळाशी असलेले तांबडे ठिपके दुर्बिणीतून स्पष्ट दिसतात. पाणकणसात दडून वावरणारे पक्षी मात्र बहुधा आवाजावरूनच ओळखावे लागतात आणि मार्गदर्शकाची खरी गरज तेथेच भासते. घरट्याजवळ न रेंगाळणे व ध्वनिमुद्रित आवाज वाजवून पक्ष्यांना न बोलावणे हे नियम, विशेषतः विणीच्या हंगामात, काटेकोरपणे पाळले पाहिजेत. निसर्गलेखक मारुती चितमपल्ली व सलीम अली यांच्या जन्मदिनांना जोडून महाराष्ट्रात ५ ते १२ नोव्हेंबर हा पक्षी सप्ताह पाळतात. हिवाळी स्थलांतरित पक्षी याच सुमारास येत असल्याने तेव्हाच्या नोंदींना विशेष मोल असते.