विक्रेत्यांच्या हौसेचा स्क्रू

काही बेस गिटारांच्या पिकअपवर तारांखाली स्क्रूची चार डोकी चकाकताना दिसतात. नवख्याला वाटतं, पिकअप लाकडाला आवळण्यासाठी असतील. एखादा उत्साही ते घट्ट पिळूनही टाकतो आणि मग एक तार मुकी का झाली म्हणून हैराण होतो.

ते स्क्रू म्हणजे आवाजाची वाटच. पिकअप तारांची कंपनं विजेत बदलतं: तळाशी चुंबकाची पट्टी, वर केसाएवढ्या तांब्याच्या तारेची गुंडाळी आणि गुंडाळीतून आरपार गेलेला लोखंडी स्क्रू. पट्टीचं चुंबकत्व स्क्रूतून वर चढतं, वरची बेसची तार हलली की गुंडाळीत वीज उमटते. स्क्रू तारेच्या जवळ नेला की त्या तारेचा आवाज चढतो, आघात टोकदार होतो. खाली घेतला की ती मागे सरते.

१९३०च्या दशकात गिटार बनवणाऱ्या गिब्सन कंपनीच्या पिकअपमध्ये सगळ्या तारांखाली मिळून लोखंडाची एकच पाती असे. एखादी तार बाकीच्यांवर कुरघोडी करू लागली तर इलाज थोडाच. १९४६च्या सुमारास आलेल्या पी-९० पिकअपमध्ये प्रत्येक तारेला स्वतंत्र स्क्रू मिळाला, आणि १९५३मध्ये गिब्सनने व्हायोलिनच्या आकाराची पहिली इलेक्ट्रिक बेस काढली तेव्हा तिच्या पिकअपवरही चार स्क्रू होते.

पुढची गोष्ट मला सगळ्यांत आवडते. गिब्सनच्या सेथ लव्हर यांनी १९५५मध्ये दोन गुंडाळ्यांचं, गुणगुण मारणारं हंबकर पिकअप रचलं. त्यांच्या मूळ नमुन्यात स्क्रू नव्हतेच. पण कंपनीची विक्रीवाली मंडळी अडून बसली: दुकानदाराला काहीतरी फिरवून दाखवता आलं पाहिजे! स्क्रू आले. लव्हर यांनीच पुढे मुलाखतीत हे सांगून टाकलं.

कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावी गिटार बनवणाऱ्या लिओ फेंडर यांना मात्र स्क्रूचा प्रकार आधीपासूनच मान्य नसावा. मूळचे रेडिओ दुरुस्त करणारे, स्वतः गिटार न वाजवणारे. १९५१च्या प्रिसिजन बेसमध्ये त्यांनी स्क्रूऐवजी अल्निको या मिश्रधातूच्या चुंबकी कांड्याच, म्हणजे पोल, घातल्या, प्रत्येक तारेखाली एक, जागच्या जागी पक्की. पोल बरोबर तारेखाली आला की आघात फार तीक्ष्ण लागतो. १९५७मध्ये त्यांनी पिकअप दुभंगलं आणि दर तारेला दोन पोल दिले. तार दोघांच्या मधून जाऊ लागली आणि धार बोथट झाली. उंची मात्र कारखान्यातच ठरलेली. त्यांची १९६०ची जॅझ बेस आणि पुढे म्युझिक मॅन कंपनीसाठी काढलेली १९७६ची स्टिंगरे, दोन्हींतही तेच.

आणि मग १९८०. सत्तरीतल्या लिओंनी त्याच गावी जी अँड एल या नव्या कंपनीतून एल-१००० आणि एल-२००० या बेस काढल्या. तळाशी सिरॅमिकचा जबर चुंबक, वर मऊ लोखंडाचे पोल, आणि प्रत्येक पोल बारीक अॅलन कीने (षटकोनी किल्लीने) वरखाली होणारा. तीस वर्षं पक्क्या कांड्या ठोकणाऱ्या माणसाने शेवटी स्क्रू वादकाच्या हाती दिला! माझ्या मते हे विक्रेत्यांसाठी नव्हतं. बेसच्या चार तारांच्या जाडीत जमीन-अस्मानाचा फरक. पातळ जी तार आणि दोरखंडासारखी ई तार एकाच उंचीवर कशी समाधानी राहणार?

हात मात्र आवरावा लागतो. तार शेवटच्या पडद्यावर दाबून धरायची आणि पाव आटा फिरवून ऐकायचं. त्याहून जास्त एका वेळी नाही. पोल फार वर आला तर चुंबक तारेलाच ओढू लागतो, आणि आधी ओढली जाते ती जाड ई तार. तिची घुमक आखडते, सूर लहरतो. त्यातच जोरात छेडल्यावर तार पोलवर आपटून ‘टक’ वाजली, की अॅलन की उलटी फिरवायची.