संगणकीय डावपेच खेळांतील मराठा सत्ता

वैयक्तिक संगणकावर खेळल्या जाणाऱ्या काही ऐतिहासिक डावपेच खेळांत, म्हणजेच स्ट्रॅटेजी गेममध्ये, मराठा सत्ता ही खेळाडूला स्वतः चालवता येणारी बाजू म्हणून उपलब्ध आहे. क्रिएटिव्ह असेंब्ली या ब्रिटिश कंपनीचा 'एम्पायर: टोटल वॉर' (२००९) आणि पॅरॅडॉक्स या स्वीडिश कंपनीचा 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' (२०१३) हे त्यांतील दोन प्रमुख खेळ होत. दोन्ही खेळ एकट्याने संगणकाविरुद्ध किंवा आंतरजालावरून इतर माणसांविरुद्ध खेळता येतात. या खेळांचे नियम मुख्यतः युरोपीय राज्यांच्या धर्तीवर बेतलेले आहेत. त्यामुळे चौथाई, सरदेशमुखी, सरंजाम आणि किल्ल्यांवर आधारलेली मराठी राज्यपद्धती त्यांत पूर्णपणे बसत नाही.

स्वरूप

डावपेच खेळांत खेळाडू एका योद्ध्याची नव्हे, तर संपूर्ण राज्याची किंवा सैन्याची भूमिका घेतो. कर गोळा करणे, सैन्य उभारणे, तह करणे, युद्ध पुकारणे हे निर्णय त्याच्याकडे असतात. यांचे ढोबळमानाने दोन प्रकार आहेत. पाळीपाळीने चालणाऱ्या खेळांत बुद्धिबळाप्रमाणे प्रत्येकाला आपली खेळी करण्यास वेळ मिळतो. १९९१ साली प्रकाशित झालेला सिड मायर यांचा 'सिव्हिलायझेशन' हा या प्रकारचा सर्वांत प्रसिद्ध खेळ. दुसऱ्या प्रकारात काळ सर्वांसाठी एकाच वेळी पुढे सरकत राहतो. १९९७ साली आलेला 'एज ऑफ एम्पायर्स' आणि त्याचा १९९९ मधील दुसरा भाग भारतातील अनेकांना ठाऊक आहे. 'एम्पायर: टोटल वॉर' हे दोहोंचे मिश्रण आहे. त्यातील राज्यकारभार पाळीपाळीने चालतो, तर लढाया प्रत्यक्ष वेळेत होतात. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' मध्ये काळ दिवसागणिक सरकतो. एकट्याने खेळताना तो हवा तेव्हा थांबवता येतो. अनेकांच्या खेळात मात्र प्रत्येक जण विचार करायला थांबू लागला, तर डाव पुढेच सरकत नाही.

जालावरील खेळाची तांत्रिक बाजू

या खेळांच्या प्रसारामागे एक तांत्रिक कारण आहे आणि त्याकडे सहसा दुर्लक्ष होते. शेकडो सैनिकांच्या हालचाली एका संगणकाकडून दुसऱ्याकडे पाठवायच्या, तर वेगवान जोडणी लागते. 'एज ऑफ एम्पायर्स'च्या निर्मात्यांनी वेगळा मार्ग काढला. प्रत्येक खेळाडूचा संगणक संपूर्ण युद्धाची आकडेमोड स्वतःच करतो आणि जालावरून केवळ खेळाडूंच्या आज्ञा पाठवल्या जातात. 'हे पन्नास धनुर्धर त्या टेकडीकडे' एवढाच निरोप पोहोचला की पुरते. धनुर्धर कसे चालतील हे प्रत्येक संगणक एकाच पद्धतीने ठरवतो. पॉल बेटनर आणि मार्क टेरानो यांनी २००१ साली लिहिलेल्या लेखात ही पद्धत सविस्तर मांडली आहे. सेकंदाला २८.८ किलोबिट इतक्या संथ दूरध्वनी जोडणीवरही दीड हजार धनुर्धरांचे युद्ध चालावे, असा त्यांचा हिशेब होता.

त्याच लेखातील आणखी एक निरीक्षण उद्बोधक आहे. आज्ञा देणे आणि ती अमलात येणे यांत पाव सेकंदापर्यंतचा विलंब खेळाडूंच्या लक्षातही येत नाही. अर्ध्या सेकंदापर्यंतचा विलंब चालून जातो. विलंब कमीजास्त होत राहिला, तर मात्र खेळाडू वैतागतात. त्यापेक्षा थोडा जास्त पण स्थिर विलंब त्यांना बरा वाटतो. नेमबाजीच्या खेळात पाव सेकंद म्हणजे हार ठरू शकते. त्यामुळे महानगरांबाहेरच्या, जोडणी सामान्य असलेल्या गावांतील खेळाडूला डावपेच खेळात तुलनेने कमी तोटा सहन करावा लागतो. या पद्धतीचा एक दोषही आहे. दोन संगणकांच्या आकडेमोडीत तिळभर फरक पडला तरी दोघांपुढे दोन वेगळी युद्धे उभी राहतात आणि डाव मोडतो.

मराठ्यांचा समावेश असलेले खेळ

मार्च २००९ मध्ये प्रकाशित झालेल्या 'एम्पायर: टोटल वॉर'चा काळ १७०० ते १७९९ असा आहे. नकाशावर युरोप, अमेरिका आणि हिंदुस्थान ही तीन मुख्य रणक्षेत्रे आहेत. ब्रिटन, फ्रान्स, प्रशिया, रशिया, ऑटोमन साम्राज्य यांच्या बरोबरीने मराठा संघराज्याची निवड करता येते. अशा व्यापक प्रसाराच्या खेळात मराठ्यांना युरोपीय महासत्तांच्या पंक्तीत बसवले जाणे ही त्या वेळी नवलाची गोष्ट होती. खेळाच्या आरंभाचे वर्ष मात्र बोलके आहे. १७०० च्या मार्चमध्ये छत्रपती राजाराम महाराजांचे सिंहगडावर निधन झाले आणि एप्रिलमध्ये साताऱ्याचा किल्ला औरंगजेबाच्या हाती गेला. महाराणी ताराबाईंनी राज्याची सूत्रे हाती घेतली, तेव्हा राज्याला निश्चित राजधानी नव्हती. खेळात त्याच वर्षी मराठे राजधानी, खजिना आणि स्वतःचे प्रांत असलेली सुस्थिर सत्ता म्हणून उभे असतात.

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' चा काळ १४४४ ते १८२१ असा आहे. आरंभी महाराष्ट्राचा बराचसा भाग बहमनी सुलतानीत मोडतो आणि मराठे नावाची सत्ता नकाशावर नसते. मराठी संस्कृती प्रमुख असलेल्या राज्याने ठरावीक अटी पूर्ण केल्यास ते मराठा राज्यात रूपांतरित होऊ शकते. स्वराज्य मिळवावे लागते, आयते मिळत नाही, ही मांडणी इतिहासाला अधिक जवळची आहे. २०१८ साली आलेल्या 'धर्म' या पुरवणीने भारतीय उपखंडाच्या मांडणीत भर घातली.

इतर मालिकांत मराठ्यांचे स्थान गौण आहे. 'क्रुसेडर किंग्ज २' च्या २०१४ मधील 'राजाज ऑफ इंडिया' या पुरवणीने उपखंड खेळण्यास खुला केला, पण त्याचा काळ मध्ययुगीन असल्याने तेथे शिवकालाचा प्रश्न येत नाही. 'एज ऑफ एम्पायर्स ३' च्या २००७ मधील पुरवणीत भारतीयांची मोहीम १८५७ च्या उठावाभोवती रचलेली आहे. 'सिव्हिलायझेशन'मध्ये अनेक वर्षे भारत ही एकसंध बाजू होती आणि बहुतेक वेळा महात्मा गांधी तिचे नेते. फेब्रुवारी २०२५ मध्ये आलेल्या सातव्या भागात प्रथमच उपखंडाच्या तीन वेगळ्या सत्ता दिल्या गेल्या: प्राचीन युगासाठी मौर्य, मधल्या युगासाठी चोळ आणि आधुनिक युगासाठी मुघल. अठराव्या शतकातील सत्तासंतुलन पाहता शेवटची निवड मराठी वाचकाला खटकण्यासारखी आहे.

खेळाचे नियम आणि मराठी राज्यपद्धती

'युरोपा युनिव्हर्सालिस ४' मध्ये नकाशा प्रांतांत विभागलेला असतो आणि प्रत्येक प्रांताचा मालक एकच असतो. महसूल त्याचा, सैन्यभरती त्याची, किल्लाही त्याचाच. मराठ्यांच्या अठराव्या शतकातील विस्ताराचे सूत्र नेमके याच्या उलट होते. १७१९ मध्ये पेशवे बाळाजी विश्वनाथ यांनी दिल्लीहून स्वराज्य, चौथाई आणि सरदेशमुखीच्या सनदा आणल्या. त्यांनुसार दख्खनच्या सहा सुभ्यांच्या महसुलातील चौथा हिस्सा आणि त्यावर दहावा हिस्सा मराठ्यांना मिळावयाचा होता, परंतु ते सुभे कागदोपत्री मुघलांचेच राहिले. एकाच गावातून दोन सत्तांचे अंमलदार वसुली करीत. हा दुहेरी अंमल नकाशावर कोणत्या रंगाने दाखवावा, याचे उत्तर खेळाच्या नियमांत नाही. एका राज्याने दुसऱ्याला खंडणी देण्याची सोय आहे, पण ती राज्याराज्यांतील देवघेव असते. परक्या मुलखातील महसुलाचा तो कायमचा वाटा नव्हे.

किल्ल्यांच्या बाबतीतही तसेच घडते. जून १६६५ च्या पुरंदरच्या तहात शिवाजी महाराजांनी २३ किल्ले मुघलांना दिले आणि १२ स्वतःकडे ठेवले. पस्तीस किल्ल्यांची ही वाटणी सह्याद्रीच्या अशा टापूत झाली, जो खेळात मोजक्या प्रांतांत मावतो. तेथे तहात प्रांत दिले-घेतले जातात, एकेक गड नाही. शिवाय किल्ला ठेवण्याचा मासिक खर्च इतका असतो की जाणता खेळाडू नको असलेले किल्ले मोडून टाकतो. ज्या राज्याचा जीव गडांत होता त्याच्या दृष्टीने ही उफराटी गोष्ट आहे.

याउलट, शिंदे, होळकर, गायकवाड आणि नागपूरकर भोसले यांच्यासारख्या सरदारांचे केंद्राशी असलेले नाते बऱ्यापैकी साधते. मांडलिक राज्य जितके बलवान तितकी त्याची स्वतंत्र होण्याची ओढ अधिक, असा नियम 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' मध्ये आहे आणि पेशवाईच्या उत्तरार्धाशी तो बराच जुळतो.

बारामती आणि इंदापूर परिसराचे उदाहरण

नकाशाची ही मर्यादा पुणे जिल्ह्याच्या पूर्व भागात विशेष स्पष्ट दिसते. शहाजीराजांच्या जहागिरीत पुण्याबरोबर सुपे आणि इंदापूर या परगण्यांचा समावेश होता. सुपे हे गाव आज बारामती तालुक्यात आहे. इंदापूर येथील लढाईत मालोजीराजे भोसले कामी आले असे परंपरेने मानले जाते. त्यांची गढी म्हणून ओळखली जाणारी वास्तू गावात आहे. १६५६ च्या सुमारास शिवाजी महाराजांनी सुपे परगणा आपले सावत्र मामा संभाजी मोहिते यांच्याकडून ताब्यात घेतला. हे युद्ध नव्हते. जहागीर एकाच घराण्याची होती आणि प्रश्न तिचा कारभार कोणाच्या हाती राहावा एवढाच होता. स्वराज्याची सुरुवातीची वाटचाल अशा परगण्यापरगण्यांतील हालचालींनी झाली. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' मध्ये सुपे किंवा इंदापूर यांना स्वतंत्र अस्तित्व नाही. तेथे लहानात लहान घटक म्हणजे प्रांत, आणि प्रांत घ्यायचा तर दुसऱ्या राज्याशी युद्ध पुकारावे लागते.

बारामतीचे दुसरे उदाहरण पैशाचे आहे. बाबूजी नाईक जोशी हे बारामतीचे मातब्बर सावकार. त्यांचे बंधू आबाजी नाईक यांच्याशी पहिल्या बाजीरावांची बहीण भिऊबाई हिचा विवाह झाला होता. तरीही १७४० मध्ये बाजीरावांच्या निधनानंतर बाबूजी नाईकांनी रघूजी भोसल्यांच्या पाठिंब्याने पेशवेपदावर दावा सांगितला. पेशव्यांना कर्ज देणारे घराणे, पेशव्यांचे सोयरे आणि पेशवेपदाचे स्पर्धक या तिन्ही भूमिका एकाच घरात होत्या. (कवी मोरोपंतांना आश्रय देणारे बाबूजी नाईक ते हेच.) खेळातही राज्य कर्ज काढते आणि व्याज भरते, पण कर्ज देणाऱ्याला नाव, नातेवाईक किंवा महत्त्वाकांक्षा नसते. मराठ्यांच्या मोहिमा सावकारी कर्जावर किती अवलंबून होत्या, याचा अंदाज त्यामुळे खेळाडूला येत नाही.

मानवी प्रतिस्पर्धी

नियमांत नसलेले पुष्कळ काही अनेकांच्या खेळात माणसे स्वतः निर्माण करतात, आणि जालावरील डावपेच खेळांचे मुख्य आकर्षण त्यातच आहे. संगणक चालवत असलेली सत्ता आकड्यांवरून निर्णय घेते. तिचे गणित एकदा कळले की तिला फसवणे सोपे होते. माणूस सूड धरतो, शब्द पाळतो किंवा मोडतो, दुबळ्याला मुद्दाम वाचवतो. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' मध्ये एका खेळाडूला दुसऱ्याकडे रक्कम पाठवता येते. त्यामुळे 'दरवर्षी अमुक इतके द्या, तुमच्या मुलखात फौज येणार नाही' असा करार दोन खेळाडू संभाषणातून करू शकतात. खेळाच्या कोणत्याही कोष्टकात त्याची नोंद नसते; तो टिकतो केवळ धाकावर आणि भरवशावर. चौथाईच्या मूळ तत्त्वाच्या हा व्यवहार खेळातील कोणत्याही अधिकृत नियमापेक्षा जवळ जातो.

फितुरीचेही तेच. चढाईखोर राज्याविरुद्ध इतर राज्ये आपोआप एकत्र येतात असा नियम संगणकी सत्तांना लागू असतो. माणसांच्या डावात मात्र तिघांनी मिळून चौथ्याला घेरण्याचे ठरवले, तरी त्यातील एक जण आदल्या रात्री चौथ्याला सावध करू शकतो. असे डाव बहुधा ठरलेल्या दिवशी, आठवड्यातून एकदा, अनेक आठवडे चालतात. मधल्या दिवसांत खलबते सुरू राहतात आणि प्रत्यक्ष खेळाइतकाच वेळ त्यांत जातो. यातून वेळेच्या अपव्ययाची तक्रार होते आणि ती निराधार नाही: एक पूर्ण डाव कित्येक तासांचा असतो आणि मध्येच उठणारा खेळाडू इतरांचाही डाव बिघडवतो.

मैदानी लढाईत गनिमी काव्याची अडचण वेगळी आहे. 'एम्पायर: टोटल वॉर'मधील रणांगण ओळीत उभ्या राहून बंदुका झाडणाऱ्या पायदळासाठी रचलेले आहे. रसद तोडणे, शत्रूला पाण्याविना ठेवणे, लढाई न देताच त्याला तहास भाग पाडणे, जे बाजीरावांनी १७२८ मध्ये पालखेड येथे निजामाच्या बाबतीत केले, ते अशा रणांगणावर करता येत नाही. दोन माणसांनी एकत्र मोहीम खेळण्याची सोय या खेळात नंतर चाचणी स्वरूपात आली.

महाराष्ट्रातील स्थिती

एप्रिल २०१९ मध्ये मुंबईतील वरळीच्या एनएससीआय डोम येथे 'डोटा २' या सांघिक डावपेच खेळाची 'ईएसएल वन मुंबई' ही आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली; तिची बक्षीस रक्कम तीन लाख अमेरिकी डॉलर होती. ऐतिहासिक डावपेच खेळांना असे प्रेक्षक लाभत नाहीत, कारण त्यांचा डाव एका बैठकीत संपत नाही. पुणे शहरात युबिसॉफ्ट या फ्रेंच कंपनीचा स्टुडिओ २००८ पासून आहे, तर 'राजी' (२०२०) हा भारतीय पुराणकथांवरील खेळ पुण्याच्याच नॉडिंग हेड्स गेम्सने तयार केला. तो साहसी खेळ आहे, डावपेचांचा नव्हे. 'युरोपा युनिव्हर्सालिस ४' इंग्रजी, फ्रेंच, जर्मन आणि स्पॅनिश या भाषांत प्रकाशित झाला. त्यामुळे मराठी खेळाडूलाही मराठा राज्य इंग्रजीतूनच चालवावे लागते.

डिसेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने ई-स्पोर्ट्सचा विषय युवा व्यवहार आणि क्रीडा मंत्रालयाकडे सोपवला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने संमत केलेल्या ऑनलाइन गेमिंगविषयक कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या खेळांवर बंदी घातली आणि ई-स्पोर्ट्स व सामाजिक खेळ यांना त्यांपासून वेगळे मानले. या लेखातील खेळ एकदाच विकत घ्यावे लागतात आणि त्यांत पैजेची रक्कम नसते, त्यामुळे ते या बंदीच्या कक्षेत येत नाहीत.