मेज की मांडी? डेस्कटॉप-लॅपटॉप निवडीचा विसरलेला इतिहास

१/ पूर्णवेळ कामासाठी डेस्कटॉप घ्यावा की लॅपटॉप, हा प्रश्न आज दुकानाच्या काउंटरवर रोज विचारला जातो. १९९० साली युरोपमधील एका कायद्याने या प्रश्नाला उत्तर दिले होते. ते उत्तर कोठून आले आणि पुढे विस्मरणात कसे गेले, याची ही कथा.

२/ एप्रिल १९८१. सॅन फ्रान्सिस्कोतील संगणक मेळाव्यात ‘ऑस्बोर्न १’ हे यंत्र लोकांसमोर आले. आकार शिलाई मशीनच्या पेटीएवढा, वजन सुमारे ११ किलो, पडदा अवघा ५ इंचांचा, किंमत १,७९५ डॉलर. पेटीचे झाकण उघडले की तोच कळफलक. त्यात बॅटरी नव्हती. एका टेबलावरून उचलून दुसऱ्या टेबलावर नेता येणे, एवढाच त्या काळी ‘पोर्टेबल’ या शब्दाचा अर्थ होता.

३/ त्याच वर्षी १२ ऑगस्टला आयबीएमने आपला ‘पीसी’ जाहीर केला. मूळ किंमत १,५६५ डॉलर. त्याची एक बाब आज सामान्य वाटते: पेटी वेगळी, पडदा वेगळा आणि कळफलक वायरने जोडलेला, पण सुटा. त्यापूर्वीच्या ‘ॲपल २’मध्ये कळफलक यंत्राच्या अंगातच बसविलेला होता, ‘कमोडोर पेट’मध्ये तर पडदाही. आता काम करणारा कळफलक हवा तसा सरकवू शकत होता. यंत्राशी शरीराने जुळवून घेण्याऐवजी यंत्राचे भाग शरीराशी जुळवून घेऊ लागले.

४/ १९८२ मध्ये ‘ग्रिड कंपास’ आला. बिल मॉग्रिज या ब्रिटिश रचनाकाराने पडदा बिजागरीने कळफलकावर मिटविला. आजचा प्रत्येक लॅपटॉप त्याच घडीचा वारस आहे. किंमत मात्र ८,१५० डॉलर! त्याचे ग्राहकही वेगळे होते: बडे अधिकारी, लष्कर आणि नासा. १९८३ च्या नोव्हेंबरमध्ये ‘कोलंबिया’ अंतराळयानातून तो अवकाशात गेला. ज्यांच्यापाशी टेबल असणार नाही, त्यांच्यासाठी घडविलेले हे यंत्र होते.

५/ आयबीएमने जे सुटे केले होते, ते या बिजागरीने पुन्हा जोडले. अडचण मानवी शरीराची आहे. मान सरळ राहण्यासाठी पडद्याची वरची कड डोळ्यांच्या पातळीजवळ हवी. खांदे सैल राहण्यासाठी कळफलक कोपरांच्या पातळीवर हवा. बिजागरीने बांधलेल्या यंत्रात दोन्ही एकाच वेळी साधत नाही. पडदा उंच केला तर हात वर उचलावे लागतात; कळफलक खाली ठेवला तर मान झुकते. तासाभराचे काम असेल तर हे निभावते. रोज आठ तासांचे असेल, तर त्याची किंमत मान, खांदे आणि मनगटे मोजतात.

६/ कचेऱ्यांतील फायलींची जागा पडद्याने घेतली, तसे मान, डोळे आणि मनगटांच्या तक्रारींकडे दुर्लक्ष करणे कठीण झाले. २९ मे १९९० रोजी युरोपीय समुदायाने पडद्यासमोर काम करणाऱ्यांच्या संरक्षणासाठी एक निर्देश काढला. त्याच्या परिशिष्टात स्पष्ट अट होती: कळफलक पडद्यापासून वेगळा असावा आणि त्याचा उतार बदलता यावा. हे देणे मालकाची जबाबदारी ठरली.

७/ मग लॅपटॉपचे काय? त्याच निर्देशात काही यंत्रांना सूट होती. त्यांत सोबत नेता येणाऱ्या यंत्रांचाही समावेश होता. मात्र कामाच्या जागी त्यांचा दीर्घकाळ वापर होत नसेल, तरच. कायद्याच्या नजरेत लॅपटॉप हे प्रवासाचे साधन होते. त्यावर दिवसभर काम करायचे ठरले, की ती सूट संपत होती.

८/ ही अडचण यंत्रे घडविणाऱ्यांनीही ओळखली होती. ऑक्टोबर १९९१ च्या ‘पॉवरबुक’मध्ये ॲपलने कळफलक मागे सरकवून पुढे तळहात टेकायला जागा केली. वर्षभराने ‘पॉवरबुक डुओ’ आला. व्हिडिओ कॅसेट आत सरकवावी तसा हा लॅपटॉप टेबलावरच्या एका पेटीत सरकवायचा. पेटीला मोठा पडदा आणि सुटा कळफलक जोडलेला असे. प्रवासात लॅपटॉप, टेबलावर डेस्कटॉप. १९९० च्या अटीला रचनेच्या भाषेत दिलेले हे उत्तरच म्हणावे लागेल.

९/ पुढे लॅपटॉप स्वस्त आणि हलके झाले, वायफाय आले. २००८ च्या तिसऱ्या तिमाहीत जगभरातील लॅपटॉपची विक्री प्रथमच डेस्कटॉपच्या पुढे गेली. प्रवासाचे यंत्र पूर्णवेळ कामाचे यंत्र झाले. सुटा कळफलक आणि उंच पडदा मात्र बहुतेकांच्या खरेदीच्या यादीतून गळून पडले.

१०/ मार्च २०२०. टाळेबंदीच्या तोंडावर भारतातील अनेक आयटी कंपन्यांनी कार्यालयातील डेस्कटॉप उचलून कर्मचाऱ्यांच्या घरी पोहोचविले. पुणे-मुंबईच्या घरांत जेवणाचे टेबल कचेरी झाले. ज्यांच्यापाशी लॅपटॉप होता, त्यांपैकी कित्येकांची कचेरी पलंगावर भरली. यंत्र घरी आले. खुर्ची, टेबल आणि ती जुनी अट कार्यालयातच राहिली.

११/ इतिहासाचा कौल एका यंत्राच्या बाजूने लागत नाही. काम एकाच जागी असेल, तर डेस्कटॉप त्याच पैशांत अधिक ताकद देतो आणि त्याचे भाग सहज बदलता येतात. फिरणे अटळ असेल, किंवा वीज वारंवार जात असेल, तर लॅपटॉपची बॅटरी मोलाची. डेस्कटॉपला यूपीएस घ्यावा लागतो. मात्र लॅपटॉपवर रोज आठ तास काढायचे असतील, तर सुटा कळफलक, माउस आणि पडदा उंच करणारा स्टँड हा त्याच्या किमतीचाच भाग धरावा. स्टँड नसेल, तर जाड पुस्तकांची चळतही चालते.

१२/ ‘ग्रिड कंपास’ अशांसाठी घडला, ज्यांच्यापाशी टेबल नव्हते. ज्यांच्यापाशी टेबल आहे, त्यांनी ते सोडून मांडी का पत्करावी, हा १९९० चा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.